चार ढीग

“आजी, आधी हात धुऊन या. कांद्याचा वास येतोय.”

आमच्या संस्थेच्या मॅडम हे माझ्या आईला म्हणाल्या. शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली, सगळ्या बायांच्या देखत. मी तिथंच, दोन पावलांवर उभी होते. हातात रजिस्टर, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. मी काही बोलले नाही.

आई उठली. नळावर गेली. हात धुतले, पदराला पुसले, परत येऊन सतरंजीच्या कडेला बसली. मॅडमनी नाकाला लावलेली ओढणी काढली नाही. कांद्याचा वास पाण्यानं जात नाही. साबणानंही जात नाही. वर्षानुवर्षं कांदा निवडणाऱ्या बाईच्या नखात तो बसतो, भेगांत बसतो. मी त्याच वासात वाढले. लहानपणी मला झोप त्याच हाताखाली लागायची.

हे मी मॅडमना नावं ठेवायला लिहीत नाही. खरं सांगायचं तर तेही आहेच. पण त्या दिवशी मी काय केलं, ते आधी लिहिलं पाहिजे. ते जास्त वाईट होतं.

गाव भीमेच्या काठचं, वडगाव रासाईच्या पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, कारण आई अजून तिथंच राहते. ऊस, कांदा, तरकारी. जमिनी बागायती आणि ठरावीक आडनावांच्या. आमचं आडनाव त्यात नाही. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. आमचं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळं कळलेलं असतं.

आई कांदा निवडते. तीस वर्षं तेच करते. शेतकरी कांदा बराखीत साठवतो. बराख म्हणजे खालून-बाजूनं वारा खेळणारी लांबलचक शेड. बाजारात न्यायच्या आधी तो कांदा निवडायला बाया लागतात. मोठा तो गोळा. त्याखालचा मिडियम. बारीक ती गोल्टी. आणि जोड कांदा, मधून दांडा फुटलेला डेंगळा, मानेत मऊ पडलेला, तो सगळा बदला. चार ढीग. बारदानावर उकिडवं बसायचं आणि दिवसभर हात चालवायचा. आईचा हात इतका बसलाय, की ती बोलते दुसरीकडं, बघते तिसरीकडं, आणि कांदा ज्याच्या त्याच्या ढिगात जाऊन पडतो.

घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पूल ओलांडला की दौंड तालुका. तीन वर्षं त्या पुलावरून एसटीनं गेले-आले. बी.ए. झाले. पदवीचं सर्टिफिकेट आईनं काच घालून भिंतीवर लावलं. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. पण आला-गेला त्याच्यासमोर उभा केल्याशिवाय ती चहा देत नाही.

मग मला संस्थेत काम लागलं. काम चांगलं होतं. मी आजही म्हणते, चांगलं होतं. पहिलीला जाणाऱ्या पोरांच्या घरी जायचं. आईबापांना सांगायचं, की पोर शाळेत गेल्यावर शिकायला लागत नाही, त्याच्या आधी घरात शिकतं. तुम्ही त्यात सामील व्हा. आम्हाला म्हणायचे पालकसखी. यवतला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. रंगीत कार्डं मिळाली. एका कार्डावर लिहिलं होतं: घरातल्या वस्तू मुलांना हाताळू द्या. त्यांचे लहान-मोठे असे गट करायला सांगा. हे करताना मुलांशी गप्पा मारा.

हे कार्ड मी बराखीत जाऊन बायांना वाचून दाखवलं होतं. बायांचे हात चालूच होते. आईच्या शेजारी ईशू बसली होती. ईशू माझ्या भावाची पोरगी. पाच वर्षांची. भाऊ रांजणगावला कंपनीत शिफ्टवर, वहिनी उसात खुरपायला, म्हणून ती दिवसभर आजीजवळ. तिच्यापुढं आईनं दोन ओंजळी कांदे टाकलेले असायचे. खेळायला.

“डोळ्यानं न्हाई बघायचं, ईशे. हातानं बघ. मुठीत गप बसला की गोल्टी.”

“माज्या मुठीत बसत न्हाई.”

“तुजी मूठ ल्हान हाय. तुज्या मुठीत निम्मा दिसला तर माज्या मुठीत पुरा बसतो. आता मानंला अंगठा दाब. मऊ लागली?”

“व्हय.”

“मग तो बदला. त्याला गोळ्यात टाकलं तर समद्यांना नासवंल.”

मी हे ऐकत होते आणि माझं कार्ड वाचत होते. वाचून झाल्यावर आई म्हणाली, “हे तर आमी करतोच की गं.” बाया हसल्या. मीही हसले. मला वाटलं, आई गंमत करतेय. बी.ए. होऊन मला एवढंही कळलं नाही, की ती उत्तर देतेय.

मग पहिलीला जाणाऱ्या पोरांची तयारी बघायला संस्थेनं शाळेत मेळावा ठेवला. त्या दिवशी सकाळी मी आईला म्हणाले, “तिथं सगळ्यांसमोर मला नावानं हाक मारू नको. मी कामावर असणार.”

“मग काय म्हनू?”

“बाकीच्या बाया म्हणतात तसं. ताई.”

“बरं, ताई,” आई म्हणाली आणि हसली. तिला चेष्टा वाटली.

मला चेष्टा वाटत नव्हती. संस्थेतल्या बाकीच्या मुली पुण्याच्या. डबा खाताना त्यांनी एकदा विचारलं होतं, आई काय करते? मी म्हणाले, शेती. शेती! जशी काही आमची होती.

मेळाव्यात टेबलं मांडली होती. एकावर चित्रं ओळखायची, एकावर उड्या मारायच्या, एकावर गाणं. पोरांच्या गळ्यात कार्ड अडकवलेलं. प्रत्येक टेबलावर जमलं तर हिरवी टिकली, नाही जमलं तर लाल. शेवटी ज्याच्या कार्डावर लाल टिकली, त्याचं नाव पहिलीच्या वर्गात वेगळ्या गटात जाणार होतं. ‘जादा मदत’ असं गोड नाव होतं त्या गटाला. पण त्या शाळेत वेगळा गट म्हणजे मागच्या भिंतीला, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मीही तिथंच बसून चौथी केली होती. ईशूनं तिथं बसू नये, एवढंच मला पाहिजे होतं.

तिसऱ्या टेबलावर मॅडम स्वतः बसल्या होत्या. टोपलीत भीमेतले गोटे. मीच आदल्या दिवशी गोळा करून आणलेले. शेजारी खुर्चीवर वैनी. वैनी म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्ष. गावातली मोठी बागायत त्यांची, आई ज्या बराखीत कांदा निवडते ती बराखही त्यांचीच. सगळं गाव त्यांना वैनी म्हणतं. त्यांचा नातू ईशूच्याच वयाचा. त्याचं नुकतंच झालं होतं. त्यानं टोपली पालथी केली, मोठे इकडं, लहान तिकडं, दोन ढीग. मॅडम म्हणाल्या, “व्हेरी गुड.” हिरवी टिकली.

ईशूचा नंबर आला. ती मला बघून ओरडली, “आत्या!”

आईनं तिला चटकन जवळ ओढलं. “आत्या न्हाई म्हनायचं. ताई म्हन.”

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी रजिस्टरात बघत राहिले.

मॅडम म्हणाल्या, “बाळा, मोठे दगड एकीकडे ठेव, लहान दगड एकीकडे.” ईशूनं टोपली उचलली, खाली मातीवर ठेवली आणि उकिडवी बसली.

“अगं, वर बस. खुर्चीवर.”

“हितंच बरं पडतंय.”

लोक हसले. ईशूनं तिकडं लक्ष दिलं नाही. एकेक गोटा मुठीत धरला, अंगठा फिरवला, टाकला. भरभर. तिचा खांदा आईसारखा हलत होता. गोटे संपले. चार ढीग झाले होते. तीन लहान-मोठ्याचे, आणि चौथ्यात फुटके, तडा गेलेले, एकाला एक चिकटून जोड झालेले.

मॅडमनी विचारलं, “मी किती ढीग करायला सांगितले होते?”

“दोन.”

“मग हे किती आहेत?”

“चार.”

“चार का केले?”

“दोनात बसत न्हाईत,” ईशू म्हणाली. “ही गोल्टी हाय. ह्यो गोळा. ह्यो मिडियम. आन् त्यो बदला.”

“गोल्टी म्हणजे काय?” मॅडमनी वैनींना विचारलं.

वैनी खदखदून हसल्या. “आमच्या बराखीतली भाषा हाय मॅडम ती. दिसभर म्हातारीच्या मागं असती. दुसरं काय शिकनार?”

आता हे नीट ऐका. आठच दिवस आधी याच वैनींनी याच माझ्या आईला अख्खा ढीग मोडून परत निवडायला लावला होता. कारण एका पोरसवदा बाईनं गोळ्यात गोल्टी टाकली होती. वैनींनी स्वतः उभं राहून कांदा हातात धरून सुनावलं होतं, “डोळं फुटलं का? ही गोल्टी दिसत न्हाई?” मांडवात एक मॅडम सोडल्या तर सगळ्यांना माहीत होतं, की पोरीनं केलं ते बरोबर आहे. दोनपेक्षा अवघड केलंय. सगळ्यांत जास्त वैनींना माहीत होतं. तरी त्या हसल्या. आणि त्या हसल्या म्हणून बाकीचे हसले.

मॅडमनी ईशूच्या कार्डावर लाल टिकली लावली आणि त्या आईकडं वळल्या.

“आजी, घरी हिच्यासोबत बसून काही करता की नाही?”

“करते की. कांदं निवडतो आमी दोघी.”

“लहान मुलीला कामाला लावता? बालमजुरी म्हणतात त्याला. कोणी तक्रार केली तर अंगाशी येईल तुमच्या.”

आईचा चेहरा उतरला. “न्हाई, न्हाई बाई. काम न्हाई. ती आपली संगट बसती. खेळती.”

“घरी शिकलेलं कोणी आहे का?”

आईनं माझ्याकडं बघितलं. एक क्षण. भिंतीवरचं सर्टिफिकेट तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार, माझ्या तर आलंच. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “न्हाई.”

मी सकाळी तिला जे सांगितलं होतं, ते तिनं पाळलं. मी मागितलं होतं त्याच्या चौपट पाळलं.

वैनी माझ्याकडं बघून बारीक हसल्या. त्यांना माझं सगळं माहीत. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या हसण्याचा अर्थ मला आजही लख्ख कळतो: बघ, शिकून काय झालं.

मॅडम मला म्हणाल्या, “लिही. शिकलेली व्यक्ती, नाही. पालकांचा सहभाग, नाही.”

माझा हात थांबला. खरंच थांबला. आईनं ते बघितलं. आणि माझी आई, जिनं मला कधी ‘गं’शिवाय हाक मारली नाही, ती मला म्हणाली,

“लिवा ताई. लिवा तुमी.”

मी लिहिलं. माझ्या अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचे.

त्या दिवशी मी पुण्याच्या मुलींबरोबर डबा खाल्ला. घशाखाली घास उतरला. उतरला नाही असं लिहायला बरं दिसलं असतं. पण उतरला.

महिन्याभरानं यवतला मोठी सभा होती. हायवेजवळच्या एका मंगल कार्यालयात. दौंड आणि शिरूर, दोन्ही तालुक्यांतल्या गावांतून पालक, शिक्षिका, समितीवाले आले होते. वैनींचा सत्कार झाला. ‘सजग पालक’ म्हणून शाल आणि झाड. त्या पहिल्या रांगेत बसल्या. मॅडम सकाळीच मला म्हणाल्या होत्या, “तू एक केस मांड. तू त्याच भागातली आहेस ना. तुझ्या तोंडून आलं की लोकांना खरं वाटतं.”

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले. मागं पडद्यावर मेळाव्यात काढलेला फोटो आला.

ईशूचा. मातीवर उकिडवी, पुढं चार ढीग. कडेला माझ्या आईचा हात. फक्त हात. काळी पडलेली नखं. वर मोठ्या अक्षरांत: पालकांची उदासीनता.

खाली बसलेले लोक त्या फोटोकडं बघत होते. कीव करत होते. मला चांगलं आठवतंय, कुणी हसत नव्हतं. मांडवातलं हसणं बरं होतं. ही कीव मला पायापासून डोक्यापर्यंत चढली.

मी कागद वाचला नाही. म्हणाले, “वैनी, एक विचारू का?”

वैनी दचकल्या. मग शाल सावरून म्हणाल्या, “विचार की.”

“तुमच्या बराखीत बायांनी दोनच ढीग केले तर चालतील का? मोठा एक, लहान एक?”

“आगं, कसं चालंल?” वैनी लगेच म्हणाल्या. हा प्रश्न कुणीही झोपेत विचारला तरी त्यांच्या तोंडून हेच आलं असतं. “गोल्टी गोळ्यात गेली तर—” आणि त्या थांबल्या. त्यांना कळलं.

मागून एक आप्पा टोपी मागं सारत ओरडले, “दोन ढीग केलं तर व्यापारी हुबा बी ऱ्हानार न्हाई, पोरी!” सभागृह हसलं. अर्धा हॉल कांदेवाल्यांचा होता.

मी पडद्याकडं बोट केलं. “मग हे ढीग मोजा. पाच वर्षांची पोरगी आहे. तिनं दगडांचं माप हातानं घेतलंय. फुटके वेगळे काढलेत. तिला लाल टिकली मिळाली. हे तिला जिनं शिकवलं, तिच्या नावापुढं ‘सहभाग नाही’ असं लिहिलंय. ते मी लिहिलंय. खोटं लिहिलंय. हा जो हात दिसतोय तो माझ्या आईचा आहे. घरी शिकलेलं कोणी नाही, असंही त्या फॉर्मवर आहे. मी बी.ए. आहे. मी तिथंच उभी होते.”

मला वाटलं होतं, एवढं बोलल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. मॅडम हसतमुखानं उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक घेतला. “आपली ताई थोडी भावनिक झाली आहे. आपण पुढे जाऊया.” पडदा बदलला. पुढचा फोटो.

बाहेर बुटांच्या रॅकपाशी त्या मला म्हणाल्या, “हे प्रोफेशनल नाही.”

“फॉर्म दुरुस्त करा मॅडम. पोरीचं नाव त्या गटातून काढा.”

“डेटा वर गेला. आता काही बदलता येत नाही. आणि लिहिलंस तूच ना? मग चूक तुझीच.”

“हो. माझीच. म्हणून तर बोलले.”

मी ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं आणि यवतच्या स्टँडवर येऊन उभी राहिले.

बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी आई बराखीत गेली तर वैनींचा गडी दारातच म्हणाला, “बाया झाल्यात.” तीस वर्षं त्या बारदानावर बसलेली बाई. “बाया झाल्यात.” आई आता दोन गावं सोडून दुसऱ्याच्या बराखीत जाते. पहाटे निघते.

मला वाटलं होतं, आईला बरं वाटेल. भर सभेत तिच्या बाजूनं बोलले म्हणून. तिनं ऐकलं आणि हातातली परात खाली आपटली.

“तुला कुनी सांगितलं हुतं? मी तुजी नोकरी ऱ्हावी म्हनून तोंड दाबून बसले. त्या समद्यांत तुला ताई म्हनले. माज्या पोटच्या पोरीला. आन् तू ती घालवून आलीस?”

“आई, त्यांनी तुझा फोटो लावला होता.”

“लावू दे की. फोटुनं माजं काय झिजतंय?”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

ईशू शाळेत जायला लागली. मागच्या भिंतीला, पोत्यांशेजारी. मी दोनदा शाळेत जाऊन बोलले. बाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, “यादी वरून आलीय.” वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही माहीत नाही.

आणि मग तो रविवार. आई घरच्यापुरते कांदे घेऊन आली होती. अंगणात पोतं रिकामं केलं. सवयीनं निवडायला बसली. ईशू शेजारी येऊन बसली. मी उंबऱ्यात होते.

आईनं चार ढीग सुरू केले. ईशूनं गोल्टीचा ढीग हातानं पुढं लोटला आणि मिडियममध्ये मिसळला.

“आगं, काय करती?”

“दोनच करायचं असतात. बाई म्हनल्या. एक ल्हान, एक मोठा. मला हिरवी टिकली भेटली.” मग आजीकडं बघून ती म्हणाली, “आजी, तुला येत न्हाई.”

मला वाटलं, आई हसेल. रागावेल. कान धरेल तिचा. आईच्या हातात एक गोल्टी होती. तिनं ती ईशूनं मिसळलेल्या ढिगात टाकली.

तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या आईनं कांदा चुकीच्या ढिगात टाकला. जाणूनबुजून. नात शिकलेली आहे म्हणून. शाळेचं बरोबर असणार म्हणून. आपलं चूक असणार म्हणून.

मॅडमनी हात धुवायला लावले तेव्हा मी गप्प होते. वैनी हसल्या तेव्हा गप्प होते. यवतला बोलले, ते खरं तर स्वतःच्या लाजेपायी बोलले. पण त्या रविवारी अंगणात मला दिसलं, की हे काय चाललंय. ते आईबापांना पोरांच्या शिकण्यात सामील करून घेत नाहीत. आईबापांनी जे शिकवलंय ते पोरांच्या हातातून काढून घेतात आणि मग पोराच्याच तोंडून आईबापांना सांगतात, तुला येत नाही. मला असंच शिकवलं होतं. म्हणूनच मी डबा खाताना ‘शेती’ म्हणाले होते. म्हणूनच मी सकाळी ‘ताई म्हण’ म्हणाले होते. तिथं पोचायला मला पंधरा वर्षं लागली होती, ईशूला दोन महिने लागले.

मी अंगणात उतरले. मिसळलेल्या ढिगातली ती गोल्टी शोधून काढली. ईशूसमोर धरली.

“मुठीत धर.”

“आत्या, बाई म्हनल्या—”

“बाईंना मी बघते. तू मुठीत धर. आजीला विचार ही कुठली.”

ईशूनं आजीकडं बघितलं. आईनं दुसरा कांदा उचलला. मी हलले नाही. शेवटी आई माझ्याकडं न बघताच म्हणाली, “गोल्टी.”

“मोठ्यांदा सांग.”

“गोल्टी हाय ती! जा की तू आत!” आई खेकसली.

मी आत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत अर्ज दिला. लेखी. ईशूचा फॉर्म मी भरला होता, खोटा भरला होता, तो दुरुस्त करा. खाली सही, नाव, बी.ए. अर्ज घेतला आणि फायलीत ठेवला. पुढच्या सोमवारी मी दुसरा दिला. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरा. आता शिपाई मला बघितलं की आधीच पोच द्यायचा शिक्का काढून ठेवतो. मी दौंडला एका दुकानात काम धरलंय, सोमवारी सुट्टी घेते. यादी जिथून आली त्या ‘वर’चा पत्ता मी शोधून काढणार आहे. दुरुस्ती होईपर्यंत सोमवार चुकणार नाही. ईशू पहिलीतून दुसरीत गेली तरी चुकणार नाही.

पुढचा मेळावा होणार आहे. मॅडम येतील, वैनी खुर्चीवर असतील. मी आईला घेऊन जाणार आहे. आई अजून नाही म्हणते. म्हणू दे. मी तिला कामावरून सरळ घेऊन जाणार आहे, बारदानावरून उठवून, हात न धुता. मी तिला आई म्हणून हाक मारीन, मांडवाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी. आणि घरी शिकलेलं कोणी आहे का, असं कुणी विचारलं, तर दोन नावं लिहा म्हणून सांगीन.

आधी तिचं.